तीन लाखांचा माइक आणि दहा बाय दहाची खोली

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखक छत्तीस वर्षांचे असून नाशिकमध्ये गंगापूर रोडलगतच्या एका कॉलनीत, राहत्या घराच्या पहिल्या मजल्यावरील खोलीत गेली पाच वर्षे रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतात. खोली दहा बाय दहाची आहे आणि छतही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. अभंग आणि भक्तिगीते, दुकानांच्या जाहिराती, निवडणुकीच्या काळात प्रचाराच्या ध्वनिफिती आणि अलीकडे ऑडिओबुकचे वाचन, अशी मिश्र कामे त्यांच्याकडे येतात. गेल्या महिन्यात एक गायिका स्टुडिओ पाहायला आल्या, त्यांनी "माइक कोणता आहे?" असे विचारले आणि पंधरा हजारांच्या माइकचे नाव ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी "आम्ही मुंबईलाच करतो" असा निरोप पाठवला. त्यानंतर मुदत ठेव मोडून तीन लाखांत नॉयमन यू 87 हा माइक घ्यावा आणि पैसे कमी पडले तर उरलेल्या रकमेचे हप्ते करावेत, असे त्यांनी जवळपास ठरवले आहे. 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने भक्तिसंगीताचे काम वाढेल, अशी त्यांची अपेक्षा आहे. पत्नीचे म्हणणे मात्र "आधी खोली नीट करा" असे आहे. ते विचारतात : एकदाच आणि सर्वोत्तम घ्यावे का? आणि सर्वोत्तम म्हणजे नेमका कोणता?

सप्रेम नमस्कार,

तुमच्या तीन पानी पत्रातले जवळजवळ एक पान त्या गायिकेच्या भेटीने व्यापले आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. त्यांनी माइकचे नाव विचारले, तुम्ही सांगितले आणि त्या गेल्या. परंतु तुमच्या खोलीत बसून त्यांनी एखादी ओळ गायली आणि ती हेडफोन लावून ऐकली, असे पत्रात कुठेही नाही. ज्या गायकाला ऐकण्यासारखे काही मिळत नाही, तो नावावरून अंदाज बांधतो आणि त्यात त्याची चूक नाही. तेव्हा त्या गायिका माइकमुळेच गेल्या, हे तुमचे अनुमान आहे. ते खरे असेलही, पण तीन लाखांचा निर्णय त्यावर उभा करण्यापूर्वी ते एकदा तपासून पाहायला हवे.

तुमची ओढ मला वावगी वाटत नाही, हे आधी स्पष्ट करतो. बर्लिनच्या नॉयमन कंपनीने 1949 मध्ये यू 47 आणि 1967 मध्ये यू 87 बाजारात आणला, आणि आज मिळणारी यू 87 एआय ही आवृत्ती 1986 पासूनची आहे. इतकी वर्षे जगभरच्या स्टुडिओंमध्ये एकच वस्तू टिकून राहते, तेव्हा त्यामागे केवळ दबदबा नसतो. त्या माइकचा मधल्या पट्टीतला उठाव मिक्सिंग करणाऱ्यांच्या कानात इतका मुरलेला असतो की, तुमचे रेकॉर्डिंग मुंबईत कोणाच्या हाती गेले तरी त्याला आवाजाची ओळख लगेच पटते. नीट सांभाळलेला असा माइक दहा वर्षांनी विकायला काढला तरी बरे पैसे देतो. हे सगळे फायदे खरे आहेत आणि योग्य खोलीत तुम्हालाही मिळतील.

प्रश्न खोलीचा आहे. चांगला कंडेन्सर माइक, म्हणजे स्टुडिओत वापरला जाणारा संवेदनशील प्रकार, गायकाचा आवाज जितका बारकाईने टिपतो, तितक्याच बारकाईने शेजारच्या पाण्याच्या मोटारीची घरघर आणि भिंतीवरून परतलेला त्याच गायकाचा आवाजही टिपतो. आकडेच पाहू. प्रत्येक माइकची स्वतःची एक बारीक सरसर असते, तिला सेल्फ नॉइज म्हणतात आणि ती डेसिबलमध्ये सांगतात. यू 87 एआयची ती 12 डेसिबल आहे, नॉयमनच्याच टीएलएम 103 ची 7, एकेजी सी 414 ची 6 आणि ऑस्ट्रेलियाच्या रोड कंपनीच्या एनटी 1 ची अवघी 4. म्हणजे या चौघांतला सर्वांत स्वस्त माइक सर्वांत शांत आहे. पण रहदारीच्या रस्त्याजवळची खोली दारे-खिडक्या लावूनही दिवसा तीस-पस्तीस डेसिबलच्या खाली सहसा येत नाही, आणि एवढ्या गोंगाटाखाली 4 आणि 12 मधला फरक बुडून जातो. ऑडिओबुकचे काम करता म्हणून आणखी एक आकडा सांगतो. एसीएक्ससारखी ऑडिओबुकची व्यासपीठे शांत जागेतला आवाज उणे 60 डेसिबलच्या खाली मागतात (हे डेसिबल वेगळे, रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीपासून खाली मोजलेले). तुमचे वाचन त्या अटीत बसते की नाही, हे बहुतेक वेळा माइक ठरवत नाही, खोली ठरवते.

म्हणून पहिले काम असे करा. सध्याचा माइक नेहमीच्या जागी लावा, पंखा आणि एसी बंद करा, खोलीत कोणी थांबू नका, आणि सकाळी दहा, सायंकाळी सात आणि रात्री अकरा अशा तीन वेळी एकेक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. मग हेडफोन लावून आवाज वाढवून ती ऐका आणि जे जे ऐकू येईल ते कागदावर लिहून काढा. तुमच्या भागात लग्नाची लॉन्स आहेत, गणपतीच्या आधी महिना-दीड महिना ढोलपथकांचा सराव चालतो, शेजारी पत्र्याची शेड असेल तर पावसाळ्यात तिच्यावर सरी वाजतात. हा कागद कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा तुम्हाला जास्त सांगेल.

आता खोलीच्या मापाकडे येतो, कारण पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तपशील तुम्ही ओघात लिहून गेला आहात : लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही दहा फूट. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये दहा फूट अंतर असेल, तर आवाजाच्या वेगाच्या हिशेबाने सुमारे 56 हर्ट्झ आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे 112 हर्ट्झचा स्वर त्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो. खोली लांबट असती तर प्रत्येक दिशेचा घुमणारा स्वर वेगळा पडला असता आणि दोष विभागला गेला असता. तुमच्याकडे तिन्ही दिशा एकाच स्वरावर जोर देतात. त्यात 112 हर्ट्झ ही अनेक पुरुषांच्या बोलण्याची मूळ पट्टी आहे. तुमच्या जाहिरातींतला निवेदक काही शब्दांवर एकाएकी डब्यातून बोलल्यासारखा वाटतो आणि इक्वलायझर (वेगवेगळ्या पट्ट्यांचा जोर कमी-जास्त करणारे साधन) कितीही फिरवला तरी ते जात नाही, असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. त्याचे कारण बहुधा हेच आहे. यू 87 लावल्यावर ते घुमणे अधिक स्वच्छ ऐकू येईल, एवढाच फरक पडेल.

याच हिशेबात एक फुकटचा उपायही दडलेला आहे. 112 हर्ट्झचा जोर भिंतीलगत आणि अशा खोलीच्या बरोबर मध्यभागी सर्वांत जास्त असतो, आणि आपण सवयीने गायकाला नेमके मध्यभागी उभे करतो. उभ्या माणसाचे तोंड जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, म्हणजे उंचीच्याही मध्यावर येते. तेव्हा गायकाला मध्यापासून सरकवून एका भिंतीपासून साधारण तीन फुटांवर आणा आणि शक्य असेल तेव्हा बैठकीवर बसवा. बसल्यावर तोंड अडीच-तीन फुटांवर येते आणि उंचीच्या दिशेने होणारे घुमणे बरेच कमी होते. अभंग गाणाऱ्यांना बैठक तशीही अधिक सोयीची असते, आणि श्वासही मोकळा राहतो.

दुसरा प्रयोग गोधडीचा. तुमचा माइक कार्डिऑइड पद्धतीचा आहे, म्हणजे तो समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे टाळतो. त्यामुळे माइकच्या पाठीमागे फोम लावण्यापेक्षा गायकाच्या पाठीमागची भिंत झाकणे अधिक गरजेचे आहे, कारण माइक तिच्याकडेच तोंड करून बसलेला असतो. घरातल्या दोन जाड गोधड्या गायकाच्या मागे, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून दोरीवर टांगा. नंतर एकच कडवे दोनदा रेकॉर्ड करा, एकदा माइकपासून एक वीत अंतरावरून आणि एकदा हातभर अंतरावरून. वीत म्हणजे नऊ इंच आणि हात म्हणजे अठरा, म्हणजे अंतर दुप्पट होते. तेवढ्याने तोंडातून थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो आणि खोलीचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. हातभर अंतरावरचे रेकॉर्डिंग जेव्हा ऐकवेल, तेव्हा तुमची खोली मोठ्या माइकसाठी तयार झाली असे खुशाल समजा.

गोधडी मधल्या आणि वरच्या पट्टीपुरतीच काम करते. खालच्या स्वरांसाठी जाडीच लागते. अंड्यांचे ट्रे आणि एक इंची फोम यांवर कृपया पैसे घालवू नका, त्यांनी फक्त वरची चमक मरते आणि खालचे घुमणे जसेच्या तसे राहते. चार इंच जाडीचे रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, दोन बाय चार फुटांच्या लाकडी चौकटींत बसवून त्यावर मांजरपाट ताणून घ्या, चौकटी भिंतीपासून तीन-चार इंच पुढे लावा, आणि चारही कोपऱ्यांत जाडी दुप्पट ठेवा. आठ-दहा चौकटींचे हे काम कोणताही चांगला सुतार करून देईल. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि तोंडावर मास्क हवाच. मात्र या चौकटी आतला घुमारा शोषतात, बाहेरचा गोंगाट अडवत नाहीत. त्यासाठी दाराच्या फटी रबराने बंद करणे आणि खिडकीला आतून दुसरी जाड काच बसवणे, ही वेगळी कामे आहेत. मी तुमच्या जागी असतो तर या सगळ्यासाठी ऐंशी हजार ते एक लाख बाजूला ठेवले असते. पत्नीचे म्हणणे तुम्ही पत्रात "माहिती नसताना" या शब्दांत लिहिले आहे, पण त्यांना खोलीतला दोष ऐकू आलेला आहे असे मला वाटते.

उरतात दोन लाख. आता कोणता माइक, याविषयी.

ज्या भाषेत गाणे-बोलणे होणार, त्या भाषेतच माइक पारखावा. मराठीत दातांमागून येणारे च, ज, झ आहेत, शिवाय स, श आहेतच. पाच किलोहर्ट्झच्या पुढे, म्हणजे वरच्या बारीक स्वरांत, उठाव असलेल्या माइकवर हे वर्ण काही आवाजांत टोचू लागतात. टीएलएम 103 हा अतिशय शांत आणि गुणी माइक आहे, 1997 पासून तो टिकून आहे आणि त्याची किंमत यू 87 च्या निम्म्याहूनही कमी आहे, पण त्याला असा उठाव आहे. एखाद्या खर्जातल्या निवेदकाला तो तेज देईल, तर काळी पाचमध्ये खुल्या आवाजात गाणाऱ्या भजनी गायिकेला तो बोचरा वाटू शकेल. म्हणून माइक ऐकायला जाल तेव्हा प्रत्येकासमोर तीच दोन वाक्ये म्हणा किंवा म्हणवून घ्या : "चुलीवरच्या चहात चार चमचे साखर जास्तच झाली" आणि "भल्या पहाटे फुलांनी भरलेली फांदी खाली झुकली". पहिल्यात टोचणे कळते, दुसऱ्यात फ आणि भ यांचा श्वास डायफ्रॅमवर, म्हणजे माइकच्या आतल्या पातळ पडद्यावर, कसा आदळतो ते कळते. परदेशी परीक्षणांतून यातले काहीच समजत नाही.

तुमच्या कामाचा मोठा भाग अभंगांचा आहे, आणि त्यात गायक पुष्कळदा स्वतः हार्मोनिअम वाजवतो. कार्डिऑइड माइकवर पेटी आवाजात मिसळते आणि नंतर वेगळी काढता येत नाही. ज्या माइकला फिगर-ऑफ-एट ही पद्धत असते, तो पुढून आणि मागून ऐकतो, पण त्याच्या दोन्ही कडांच्या, डोक्याच्या आणि बुडाच्या दिशेला जवळजवळ बहिरा असतो. असा माइक तोंडासमोर उभा धरून त्याचे बूड थेट पेटीकडे वळवले की पेटीचा आवाज लक्षणीय उतरतो. पेटीसाठी दुसरा माइक लावा, म्हणजे दोन्ही आवाज तुमच्या हातात राहतात. एवढे मात्र ध्यानात ठेवा की या पद्धतीत माइकची पाठही ऐकते, तेव्हा समोरच्या भिंतीवरही जाड चौकट हवी. टीएलएम 103 ला ही सोय नाही, तो फक्त कार्डिऑइड आहे. यू 87 एआयला तीन पद्धती आहेत. एकेजीच्या सी 414 एक्सएलएसला नऊ आहेत.

शिवाय ढोलकी आणि संबळ. यू 87 एआय 117 डेसिबलपर्यंतचा आवाज विनातक्रार सोसतो, पॅड, म्हणजे आवाजाची पातळी उतरवणारे बटण, लावल्यावर 127 पर्यंत. जवळून रेकॉर्ड केलेली ढोलकीची कडक थाप ही पहिली मर्यादा ओलांडू शकते. सी 414 एक्सएलएस पॅडशिवाय 140 पर्यंत जातो. ज्या स्टुडिओत एकच मोठा माइक सकाळी गायकासमोर आणि दुपारी ढोलकीसमोर लागणार आहे, तिथे ही गोष्ट दुय्यम म्हणता येत नाही.

या सगळ्याचा विचार करून माझे मत असे आहे की आज तुम्ही सी 414 एक्सएलएस घ्यावा. तो यू 87 च्या निम्म्याहून कमी किमतीत येतो, त्याचा घाट 1971 पासून सुरू झालेल्या परंपरेतला आहे, आणि मूळच्या व्हिएन्नाच्या एकेजीचे ते नाव विचारणाऱ्या कोणाही गायकाला सांगताना तुमचा आवाज खाली जाणार नाही. हप्त्यांवर मात्र काही घेऊ नका. लहान स्टुडिओला पावसाळ्यात आणि पितृपक्षात काम कमी असते आणि हप्त्याला ऋतू नसतो. दोन वर्षांनी खोली तयार असेल, सिंहस्थाचे काम होऊन गेले असेल आणि तरीही यू 87 चा आवाज मनातून जात नसेल, तर तेव्हा अवश्य घ्या. मी स्वतः तुम्हाला त्यासाठी शुभेच्छा देईन.

ज्या वाचकांचे काम केवळ वाचन आणि निवेदनाचे आहे, त्यांचे उत्तर वेगळे आहे. खोली दुरुस्त करणे शक्य नसेल, तर शुअर एसएम7बी किंवा इलेक्ट्रो-व्हॉइस आरई20 यांसारखा डायनॅमिक, म्हणजे कंडेन्सरपेक्षा कमी संवेदनशील, माइक चार बोटांच्या अंतरावर वापरावा. डायनॅमिक माइक खोली ऐकतच नाही हा समज बरोबर नाही. आपण त्याच्या अगदी जवळ जाऊन बोलतो, म्हणून खोली मागे पडते. एसएम7बीला जवळपास 60 डेसिबलचे स्वच्छ गेन (आवाजाची वाढ) लागते, तेव्हा माइक आणि संगणक जोडणारा आपला इंटरफेस तेवढे देतो का, हे आधी पाहावे. माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या वेगळ्या महागड्या प्रीॲम्पची गरज सुरुवातीला कोणालाच नसते.

खरेदीपूर्वी माइक भाड्याने आणून स्वतःच्या खोलीत दोन दिवस वापरा. मुंबई-पुण्यात अशी सोय आहे. मुंबईच्या स्टुडिओत तासभर बसून ऐकलेला यू 87 तुम्हाला त्या स्टुडिओची खोली ऐकवेल. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच, सिरियल नंबर लिहिलेल्या जीएसटी बिलासह करा, कारण यू 87 च्या हुबेहूब दिसणाऱ्या नकला बाजारात फिरत असतात.

एक गोष्ट अनुभवाने सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका ऑगस्टमध्ये मी एक मोलाचा कंडेन्सर माइक आठवडाभर स्टँडवरच राहू दिला होता. संततधार चालू होती आणि भिंतींना ओल आली होती. आठव्या दिवशी एक वयस्क कीर्तनकार दूरच्या गावाहून मुद्दाम आले, आणि दुसऱ्याच अभंगात माइकमधून तव्यावर मीठ टाकल्यासारखी चरचर सुरू झाली. कॅप्सूलला, म्हणजे माइकच्या आवाज टिपणाऱ्या भागाला, दमट हवा लागली होती. त्यांना तसेच परत पाठवावे लागले आणि त्यानंतर ते पुन्हा येऊ शकले नाहीत. ते रेकॉर्डिंग राहूनच गेले, ही खंत अजून जात नाही. तेव्हापासून काम संपले की माइक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो, दर पंधरा दिवसांनी पुड्या बदलतो, आणि श्वासाचे झोत अडवणाऱ्या पॉप फिल्टरशिवाय कोणालाही माइकसमोर बसू देत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात तुम्हीही हे पाळा, माइक पंधरा हजारांचा असो वा तीन लाखांचा.

राहिल्या त्या गायिका. चौकटी लागल्यावर त्यांना फोन करा. माइकचे नाव सांगू नका, एका अभंगाचे रेकॉर्डिंग विनामूल्य करून देतो म्हणून बोलवा. वेळ रात्री नऊनंतरची ठेवा, त्यांची स्वतःची पेटी आणायला सांगा, बैठक भिंतीपासून तीन फुटांवर घाला, आणि गाणे झाल्यावर काही न बोलता हेडफोन त्यांच्या हातात द्या.